कोपऱ्यातलं पाणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू, दादा, आई सगळे बरे असाल. मीही बरा आहे. आईला सांग, खाणं वेळेवर होतं, वजन उतरलेलं नाही आणि खोकला केव्हाच गेला. तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी दचकलोच, हल्ली पत्र म्हणजे कोणी गेलं-बिलं की काय असं वाटतं. आत पहिलीच ओळ, "रॉकेल, फोन का बंद आहे?" तेव्हा जिवात जीव आला. या नावाने मला हाक मारणारं इथे कोणी नाही. इथे सगळे "ए तलाववाल्या" म्हणतात.

फोन पाण्यात पडला. तलावाच्या कडेने चालताना खिशातून सटकला. नवा घेईन सावकाश. तोवर तू पत्रच लिही, आणि माझी पत्रं दादाच्या हाती लागू देऊ नकोस. नाहीतर तो लाल पेनने चुका काढून परत पाठवायचा.

दादाचा निरोप वाचला. कॉलेजला परत नाव घालायचं का, महिनाअखेर मुदत आहे, "हो की नाही ते कळव, नुसता आरडाओरडा नको." बरोबर आहे त्याचं. मागच्या वेळी मी ताट ढकलून उठलो होतो आणि आमटी तुझ्या साडीवर सांडली होती. डाग गेला का? उत्तर शेवटी देतो. आधी इथली हकिगत.

माझं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. क्लबचा पोहण्याचा तलाव आहे, त्याचं पाणी सांभाळायचं. सकाळी जाळीने पानं काढायची, ब्रशने भिंती घासायच्या, पंपाच्या आधी एक टोपली असते ती रिकामी करायची. टोपलीत केसांचे पुंजके, रबरबँड, चिकटपट्ट्या असं काय काय सापडतं. एकदा कवळी सापडली. ऑफिसच्या खिडकीत ठेवली, कोणी न्यायला आलं नाही. येणार तरी कसं, सगळ्यांसमोर? अजून तिथेच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत असते. राहायला पंपाच्या मागची खोली दिली आहे. पंप चालू असला की भिंत थरथरते. आता त्याशिवाय झोप येत नाही.

सध्या तलावाचं एक दुखणं निघालंय. बाकी पाणी इतकं स्वच्छ की तळाच्या फरशीचे सांधे दिसतात, पण उथळ बाजूचा, पायऱ्यांलगतचा कोपरा हिरवा पडतो. पाणी आपणहून फिरत नाही, वहिनी. गाळून झालेलं पाणी भिंतीतल्या तोंडांमधून जोराने आत येतं आणि बाकीच्या पाण्याला ढकलतं. सगळी तोंडं एकाच बाजूला तिरकी असली की अख्खा तलाव हळूहळू गोल फिरतो, चहात चमचा फिरवल्यासारखा. जिथे ही ढकल पोचत नाही तिथलं पाणी बसून राहतं, मग औषधही तिथवर जात नाही, भिंतीला बुळबुळीत थर धरतो. तसं त्या कोपऱ्यात झालंय. मी रोज घासतो, पण ऊन वाढायला लागलं तसं घासणं पुरत नाही.

सकाळी लहान पोरांचा वर्ग असतो तो नेमका त्याच कोपऱ्यात. शिकवणारी एक मुलगी आहे, पोरं तिला मासोळी टीचर म्हणतात. बाकी काही विशेष नाही. पोरांचे डोळे मात्र लाल व्हायला लागलेत. एक चिमुरडी दोन्ही दंडांना फुगे बांधून येते म्हणून तिला सगळे फुगी म्हणतात, तिचा कान दुखतोय.

त्यावर सेक्रेटरीने महिन्यापूर्वी एका चुंबकवाल्याला बोलावलं; पाणी बघायला तो बरेचदा येऊन गेला आणि परवा कमिटीपुढे आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेटी. पेटीतून त्याने एक कडं काढलं. मुख्य पाइपवर हे कडं बसवायचं, वायर लावायची, की त्याच्यात निळा दिवा लुकलुकतो. म्हणे पाण्याचे कण झोपलेले असतात, चुंबक त्यांना जागं करतो. मग शेवाळ धरत नाही आणि क्लोरीन निम्म्यावर येतं.

मी म्हटलं, "एक माझ्या मनगटाला पण बसवा, सकाळी लवकर जाग येत नाही."

कमिटीतले सगळे हसले. तोही हसला, अगदी मनापासून. तो चिडला असता तर मी तिथेच थांबलो असतो. पण हसला म्हणून माझं टाळकं सटकलं. मी कडं त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि म्हणालो, "हे खेळणं आहे. पाण्याला जाग नाही, धक्का लागतो." सेक्रेटरी म्हणाले, "तुझं शिक्षण अर्धवट. ज्याला कळतं त्याला बोलू दे." मी म्हणालो, "अर्धवट असलं तरी पाणी कुठून कुठे जातं एवढं कळतं." आवाज बराच वर गेला असावा, कारण पलीकडे बॅडमिंटन खेळणारे थांबले.

मासोळी टीचर टॉवेल गुंडाळून तिथेच उभी होती. ती म्हणाली, "तुझं नेहमीचंच आहे. कोणी नवीन माणूस आलं की तुझं डोकं तापतं."

जाऊ दे. तिला काय कळतं पंपातलं.

कडं चाचणीला म्हणून बसवून घेतलंय. महिनाअखेरपर्यंत कोपरा निवळला तर क्लबच्या सगळ्या शाखांमधल्या तलावांचं काम त्याला मिळेल. निवळला नाही तर तो आपलं कडं काढून घरी.

कॉलेजचं राहिलंच. पुढच्या पत्रात नक्की.

आईला नमस्कार. दादाला काही नाही.

तुझा,
रॉकेल

ता. क. चुंबकवाल्याचं आणि मासोळी टीचरचं ठरत आलंय म्हणे. हे काम मिळालं की तो तिच्या घरी जाऊन विचारणार आहे. कागद उरला होता म्हणून लिहिलं.


सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं उत्तर येऊन बरेच दिवस झाले. किती छोटं लिहिलंस. "रॉकेल, तुझं पत्र ता. क. पासून वर वाचायला हवं होतं. आता मला सांग, सगळा तलाव ठीक आणि एकच कोपरा कसा बिघडतो? आणि चालत्या माणसाच्या खिशातून फोन उडी मारतो होय?" बस, एवढंच. खाली आईची दोन वाक्यं, स्वेटरबद्दल.

पत्र उशीजवळ ठेवलं होतं. रोज लिहायला बसायचो आणि "इकडे सर्व क्षेम" पलीकडे पेन सरकायचं नाही. आज सरकतंय. काही विशेष घडलं म्हणून नव्हे. घडायचं ते घडून गेलं म्हणून.

फोन पडला नाही. मी टाकला. मासोळी टीचरनेच फोटो पाठवला होता, तिचा आणि चुंबकवाल्याचा, कुठल्यातरी बागेतल्या बाकावर. खाली लिहिलं होतं, "तुलाच पहिल्यांदा दाखवतेय." मी तेव्हा खोल बाजूला उभा होतो. फोन तळाशी जाईपर्यंत त्याचा दिवा चालू होता, फोटोसकट. मग मी जाळी आणून तो बाहेर काढला, कारण तलावात काही पडलं की ते काढणं माझं काम आहे.

आणि कोपरा मीच बिघडवला.

ती नवीन आली होती तेव्हाची गोष्ट. पोरांना पाठीवर तरंगायला शिकवत होती. भिंतीतल्या तोंडातून येणारी धार नेमकी त्यांच्या अंगावर यायची, पोरं दचकून तिच्या गळ्यात पडायची. ती वैतागून मला म्हणाली, "काय रे, इथलं पाणी जरा शांत नाही का करता येणार?" मी तिच्याकडे बघत राहिलो. तोपर्यंत माझ्याशी ती बोललीच नव्हती, हे पहिलं वाक्य.

दुपारी तलाव बंद असतो. मी पाण्यात उतरलो. त्या तोंडात संत्र्याएवढा एक प्लॅस्टिकचा गोळा असतो, भोक असलेला, तो हाताने फिरवता येतो. मी तो फिरवून त्याची धार पायऱ्यांच्या भिंतीवर सोडली. दुसऱ्या दिवशी पोरं पाठीवर पडली आणि तशीच राहिली, पानं पडावीत तशी. ती पोरांना म्हणाली, "बघा, आज पाणी किती शहाण्यासारखं थांबलंय!" मी पलीकडे टोपली धूत होतो. टोपली चांगलीच स्वच्छ निघाली त्या दिवशी.

तू म्हणशील, वर्ग सुटला की गोळा परत सरळ करायचा, सकाळी पुन्हा फिरवायचा, त्यात काय? काहीच नाही. दोन हातांचं काम. पण मी पाण्यात उतरायचो, गोळ्यावर हात ठेवायचो आणि तसाच वर यायचो. तिच्या शब्दावरून ते तसं झालं होतं ना. ते हलवावंसं वाटेना. म्हणून मी धार सोडून ब्रश धरला. ज्या कोपऱ्याला नुसतं वाहतं पाणी हवं होतं, तो मी संबंध हिवाळा हाताने घासला. लोकांना वाटायचं, पोरगा कामाचा आहे.

पुढचं तुला जुळवता येईल. कोपरा हिरवा पडला म्हणून चुंबकवाला आला. कोपरा तिच्या वर्गाचा, म्हणून काय काय त्रास होतो ते विचारायला तो तिच्याकडे गेला. पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशीही विचारलं. माणूस वाईट नाही. मी त्याला मनात बऱ्याच शिव्या दिल्या, पण त्याला माझ्याच हाताने वाट करून दिलेली होती.

आता बघ माझी पंचाईत. गोळा सरळ केला तर पाणी निवळणार आणि सगळे म्हणणार, कड्याचा गुण. त्याला काम मिळणार, तो तिच्या घरी जाणार. गोळा तसाच ठेवला तर कडं खोटं पडणार, तो पेटी उचलून जाणार. मला कसलीही लबाडी करायची गरज नव्हती, वहिनी. नुसतं काही न करता बसून राहायचं होतं. आणि खरं बोलावं तर ऐकणार कोण? त्या दिवशी मी जो तमाशा केला, त्यानंतर माझं खरंसुद्धा जळफळाटच दिसलं असतं. तो होताच म्हणा.

म्हणून मी बसून राहिलो. इथे तुला वाटेल, झोप उडाली असेल, जेवण गेलं असेल. तसलं काही नाही. जेवत होतो. पानं काढत होतो. पाण्याखाली कोणी हाक मारली की ती कळते पण कुठून आली ते कळत नाही, तसं सगळं ऐकू येत होतं. कोपऱ्याचा हिरवा रंग रोज थोडा पुढे सरकत होता, तो मी बघत होतो. भांडायचंसुद्धा सुचत नव्हतं. तुमचा रॉकेल, वहिनी. काडी लावली असती तर काडीच विझली असती.

मागच्या आठवड्यात फुगी आली. कानात कापूस, एक डोळा सुजून बंद. दंडाला फुगे बांधलेले, पण पाण्यात उतरेना, कडेला बसून राहिली. तिची आई म्हणत होती, "अगं, जा ना, टीचर बोलावतेय." फुगी म्हणाली, "नाही जाणार. पाणी चावतं."

मला फार वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. दुपारी तलाव बंद झाल्यावर पाण्यात उतरलो आणि गोळा फिरवला. घट्ट बसला होता, तळव्याला खरचटलं. मग धार लागली. भिंतीवरचा थर आधी धुरासारखा सुटला, मग फाटला. मी कोपरा शेवटचा घासून काढला, औषध टाकलं, पंप चालू ठेवला आणि खोलीत जाऊन झोपलो. चांगली झोप लागली. याची नंतर जरा लाज वाटली.

थोड्याच दिवसांत तिथल्याही फरशीचे सांधे दिसायला लागले. शनिवारी कमिटी बघायला आली. सेक्रेटरींनी वाकून पाण्यात हात घातला आणि तो हात सगळ्यांना दाखवला, जणू तो आधी हिरवा होता. "याला म्हणतात शास्त्र!" मग माझ्याकडे बघून, "काय? खेळणं का?"

मी म्हटलं, "पाणी निवळलं खरं."

चुंबकवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी काळजी मला कळत होती. पाण्याला थोडा वेळ द्यायला लागतो, बाकी काही नाही." मी वाट बघत होतो, आता डोकं फिरेल, आता फिरेल. फिरलं नाही. त्याचा हात खांद्यावर होता तेवढा वेळ मी उभा राहिलो, मग त्याने काढून घेतला.

ती मात्र पाण्यात उभी असते, कमिटी काठावर. त्यामुळे तिला कळलं. आज सकाळी पोरं गेल्यावर म्हणाली, "इकडे ये जरा."

मी जाळी घेऊन गेलो.

"पोटरीला धार लागतेय. आधी लागत नव्हती."

मी जाळी खाली ठेवली.

"ते तोंड तू फिरवलंस?"

"हो."

"म्हणजे इतके दिवस उलटं होतं? आणि तू तलाववाला! कोणी केलं होतं उलटं?"

"तुला शांत पाणी हवं होतं."

"मला?"

"पोरं तरंगत नव्हती तेव्हा म्हणालीस. इथलं पाणी शांत नाही का करता येणार, म्हणून."

ती आठवायला लागली. खोटं नव्हे, खरंच आठवत होती. कपाळाला आठी घालून, ओठ दाबून, जशी पोरांची नावं आठवते तशी. मग म्हणाली, "म्हटलं असेन बाई. मी काय, दिवसभर काहीबाही बडबडते. मला आठवतसुद्धा नाही रे. आणि तेवढ्यावरून तू..."

तिला ते कळलं होतं, वहिनी, सगळंच्या सगळं, कारण तिने पटकन टॉवेल ओढून घेतला आणि खांद्यांवर टाकला. माझ्यासमोर तिने तसं कधी केलं नव्हतं.

मग पंपाच्या खोलीकडे बघत म्हणाली, "मग ते कडं?"

"चालू आहे."

"तसं नाही विचारत."

"मग कळलंय तुला."

ती हळूच म्हणाली, "त्याला सांगू नकोस. तो खरंच मानतो ते. नुसता धंदा नाहीये त्याचा. स्वतःच्या घराच्या टाकीलाही एक बसवलंय त्याने, आईला रोज विचारतो, पाणी हलकं लागतं का म्हणून. मी सांगेन त्याला कधीतरी, माझ्या पद्धतीने. तू नको."

"नाही सांगणार."

"नक्की? तुझ्या तोंडाचा भरवसा नाही."

"नाही सांगणार म्हटलं ना."

ती हसली आणि गेली. तिच्या चपला ओल्या होत्या, फाटकापर्यंत वाजत गेल्या.

नंतर पंपाच्या खोलीत गेलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कड्याकडे नीट बघितलं, तर ते विझलेलं. झाडायला येणाऱ्या मावशींनी त्याची पिन काढून तिथे आपला रेडिओ लावला होता.

"मावशी, हे कधी काढलंत?"

"तो पोरगा बसवून गेला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मेला तो दिवा सारखा डोळ्यावर येतो. का रे, काही बिघडलं का?"

म्हणजे पाणी निवळत होतं तेव्हा कडं बंद होतं. बघ, वहिनी, माझ्या हातात काय पडलं ते. मावशींना हाताला धरून ऑफिसात न्यायचं, सगळ्यांसमोर एवढं एक वाक्य बोलायला लावायचं. सेक्रेटरींचा तो पाण्यातून काढलेला हात, ते "अर्धवट", सगळं फिटलं असतं. एरवी मी धावत गेलो असतो, वाटेत दोन कुंड्या पाडल्या असत्या.

मी म्हटलं, "काही नाही, मावशी. तुमचा रेडिओ त्या पलीकडच्या खाचेत चालेल." आणि कड्याची पिन परत लावली. दिवा लागला. निळा, लुकलुकणारा. दिसायला छान दिसतो, उगाच नावं कशाला ठेवू.

तिने आजवर माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. शांत पाणी, आणि आता हे गप्प बसणं. पहिली ती विसरली. ही पण विसरेल, लग्नाच्या गडबडीत तर नक्कीच. मी तेवढा बसेन गप्प. हे तुला लिहिलंय ते धरू नकोस, तू म्हणजे कोणाला सांगणं नव्हे.

कॉलेजचं. दादाला सांग, अर्ज पाठव, सही करून लगेच परत करतो. जाईन की नाही ते आत्ता माझं मलाच माहीत नाही, पण सही करतो. त्याने कारण विचारलं तर सांग, विचारू नकोस म्हणाला. आरडाओरडा केला नाही, हेही सांग.

आईला सांग, स्वेटर नको, इथे उकडायला लागलंय. फुगी आज पाण्यात उतरली होती. फुगे बांधूनच, पण उतरली.

टोपणनाव लिहायला पेन टेकवलं होतं, पण आज ते माझं वाटेना.

तुझा दीर